मुंगी : सात विश्वचषक खेळलेली मिडफिल्डर आणि आपल्याविरुद्धचा तिचा शेवटचा सामना

निळी छत्री | शुक्रवार, रात्री १०.४२

२६ नोव्हेंबर २०२१, सकाळचे साडेसहा. डब्याची भाजी गॅसवर, लॅपटॉप ओट्यावर, आणि कुठल्याशा अडखळणाऱ्या लिंकवर मी सामना बघतेय. भारत विरुद्ध ब्राझील, बायकांचे सीनियर संघ, पहिल्यांदाच समोरासमोर. तिकडे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मानाउस शहरात अजून आदल्या दिवसाची रात्र होती. पहिल्याच मिनिटात त्यांच्या डेबिन्याने गोल मारला. म्हटलं झालं, आता डझनभर बसतात. आणि आठव्या मिनिटाला आपल्या मनीषा कल्याणने बरोबरी केली! मी एवढ्यांदा ओरडले की नवरा तोंडात ब्रश धरून बाहेर आला. भाजी लागली ती लागलीच.

शेवटी ६-१ ने हरलो. मनीषाच्या गोलबद्दल तेव्हा बरंच लिहून आलं, पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून दुसरंच काही घर करून बसलंय. सामना संपत आला असताना ब्राझीलने एका बाईला बदली म्हणून आत पाठवलं आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं. वय ४३. देशाकडून तिचा हा शेवटचा सामना, आणि समोर आपण.

तिचं नाव मिराइल्देस मासिएल मोता. पण जग तिला फोर्मिगा म्हणतं, म्हणजे मुंगी. सगळ्या संघासाठी न थकता राबते म्हणून लहानपणीच पडलेलं नाव.

आता जरा तारखा बघा. ब्राझीलमध्ये १९४१ साली, जेतुलियो वार्गासच्या राजवटीत, एक हुकूम निघाला. स्त्रियांना त्यांच्या ‘प्रकृतीशी विसंगत’ खेळ खेळू द्यायचे नाहीत, असं त्यात होतं. १९६५ मध्ये सरकारी क्रीडा मंडळाने अशा खेळांची नावंच लिहून दिली आणि त्यात फुटबॉल आला. ही बंदी उठली १९७९ मध्ये. फोर्मिगाचा जन्म ३ मार्च १९७८ चा, बाहिया राज्यातल्या साल्वादोरचा. म्हणजे ज्या खेळात तिने आयुष्य घातलं तो ती जन्मली तेव्हा तिच्यासाठी बेकायदा होता. वडील ती तान्ही असतानाच गेले. घरात भाऊ, आणि मुलांमध्ये फुटबॉल खेळते म्हणून त्या भावांचा मार. कायदा कागदावरून गेला तरी भावांच्या हातातून जायला वेळ लागतो. आई मात्र पाठीशी होती.

१७ व्या वर्षी, १९९५ मध्ये, ती स्वीडनला विश्वचषक खेळायला गेली. तिथून पुढे १९९९, २००३, २००७, २०११, २०१५, २०१९. सात. पुरुष असो वा बाई, सात विश्वचषक दुसरं कुणीही खेळलेलं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल आला १९९६ ला अटलांटात. तेव्हापासून टोकियोपर्यंत सातही ऑलिंपिक खेळलेली ती एकटीच.

आणि जिंकलं काय? २००४ ला ऑलिंपिक रौप्य. २००८ ला ऑलिंपिक रौप्य. २००७ च्या विश्वचषकात उपविजेतेपद. तीन फायनल, तिन्ही हरलेल्या.

मला तुमच्याशी बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिने देशाचा फुटबॉल थांबवला होता. त्या डिसेंबरात तिला रीतसर निरोप दिला गेला, तोही मानाउसमध्येच. पण २०१८ मध्ये प्रशिक्षक वादाव यांनी तिला परत बोलावलं. वयाच्या चाळिशीला. का? तिच्या जागेवर उभी राहील अशी कुणी तयारच केलेली नव्हती. म्हणजे सात विश्वचषक हा विक्रम तर खराच, पण मला तो ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेवरचा ठपकाही वाटतो. घरातल्या मोठ्या सुनेने सत्तरीतही पोळ्या लाटायच्या आणि सगळ्यांनी म्हणायचं, काय बाई उत्साह!

तुम्हाला काय वाटतं? माझी लेक मिडफिल्डला खेळते, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून ठेवते.

बिनभाड्याचं घर | शुक्रवार, रात्री ११.०५

पोळ्यांची उपमा जबरी. वाचतोय.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, रात्री ११.३१

लेख चांगला, पण थोडं थंड पाणी ओततो. टिकणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं. ब्राझीलच्याच मार्ताने सहा वेळा फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार घेतला. ती जादूगार. ही बाई खूप वर्षं खेळली, एवढंच. हजेरीपट पूर्ण भरला म्हणून कुणी वर्गात पहिलं येत नाही. आणि मोठ्या फायनल तीनही हरल्या त्याचं काय? आपल्याकडे मुलींच्या खेळाबद्दल लिहायचं म्हटलं की सगळे एकदम हळवे होतात आणि निकाल बाजूला राहतो.

पेठेतला बॅक | शनिवार, सकाळी ७.१०

स्पष्टवक्ते भाऊ, तुम्ही कधी बॅकला, म्हणजे बचावाला, खेळलाय का? मी खेळलोय, पंधरा वर्षं, शाहू स्टेडियमच्या मातीत. कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळणं म्हणजे काय हे कोल्हापूरकरालाच कळतं. हरून घरी आलं की बायको जेवायला वाढते, पण शेजारी तोंड फिरवतात.

तर बॅकला एकच काळजी असते, पुढ्यातला मिडफिल्डर कसा आहे. तो चांगला असेल तर तुमच्याकडे बॉल येतच नाही. आला तरी समोरचा दमलेला, वाकडा झालेला, एका पायावर आलेला असतो. तुम्ही नुसता पाय लावता आणि लोक तुम्हाला शाबासकी देतात. त्या मिडफिल्डरचं काम कुणाला दिसत नाही. दिसलं तर तो त्या दिवशी चुकला असं समजा.

फोर्मिगा त्या जागेची. बचावफळीच्या जरा पुढे, दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मधलं सगळं रान तिचं. मार्ताला पुढे मोकळं सुटता येतं कारण मागचं दार कुणीतरी लावून उभं असतं. मार्ता मोठीच, वादच नाही. पण मार्ता बॉल हरवायची तेव्हा परत कोण आणायचं, ते एकदा जुन्या सामन्यात बघा. बॉलकडे न बघता नुसतं तिच्याकडे बघायचं. अवघड जातं, कारण कॅमेराही तिच्याकडे बघत नाही.

फातोर्डेकर | शनिवार, सकाळी ९.२६

बॅकसाहेब, देव बरें करूं. ब्राझीलमध्ये या जागेला शब्द आहे ‘व्होलांते’. आमच्या आजीचं शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालेलं, तिला विचारलं तर म्हणाली व्होलांते म्हणजे गाडीचं स्टेअरिंग. मी खूश झालो, काय चपखल नाव! मग कळलं की तसं नाही. कार्लोस व्होलांते नावाचा एक अर्जेंटिनाचा खेळाडू फ्लामेंगोकडून या जागेवर खेळायचा, त्याचं आडनावच जागेला चिकटलं. पण मला अजूनही आजीचाच अर्थ जास्त पटतो.

आणि मुंगीला आम्ही म्हणतो मुंय. तिला कुणी हातभर उंचीवरून ढकललं तरी ती परत चालायला लागते.

गणिताची बाई | शनिवार, सकाळी ११.४८

मला आकड्यांत एक गंमत सापडली, ती सांगते. १९९५ च्या विश्वचषकात, म्हणजे फोर्मिगाच्या पहिल्याच, ब्राझीलने यजमान स्वीडनला १-० ने हरवलं. मग जपानकडून हरले. आणि शेवटचा साखळी सामना जर्मनीशी. निकाल काय? ६-१. जर्मनीचे सहा.

२०२१ ला आपल्याशी तिचा शेवटचा सामना, निकाल ६-१. या वेळी ब्राझीलचे सहा.

योगायोग आहे, मान्य. पण ६-१ खाल्लेला तो ब्राझील नऊ वर्षांनी ऑलिंपिकच्या फायनलला होता. तेव्हा आपल्या ६-१ ची फार लाज बाळगू नये, एवढंच म्हणते. शिवाय आपलं मध्यंतराला २-१ होतं!

शिवाय हिशोबासाठी : २०१९ ला जमैकाविरुद्ध ती उतरली तेव्हा वय ४१ वर्षं ९८ दिवस. महिला विश्वचषकात एवढ्या वयाची खेळाडू त्याआधी उतरली नव्हती. त्या ब्राझील संघात अशा मुली होत्या ज्या फोर्मिगाच्या पहिल्या विश्वचषकाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या.

स्पष्टवक्ता | शनिवार, दुपारी १.१५

बाई, गंमत छान. पण माझा मुद्दा तसाच राहतो. फायनल तीन, हार तीन.

निळी छत्री | शनिवार, दुपारी ३.०२

तीन हारी आपण जरा नीट बघू या, कारण नुसतं ‘हरल्या’ म्हटलं की सगळ्या हारी सारख्या दिसतात.

२००४, अथेन्स. अमेरिकेशी फायनल, जादा वेळेत गेली. ११२ व्या मिनिटाला अ‍ॅबी वॉम्बाकने डोक्याने गोल केला, २-१. २००८, बीजिंग. परत अमेरिका, परत जादा वेळ, ९६ व्या मिनिटाला कार्ली लॉइड, १-०. मधल्या २००७ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत याच अमेरिकेला ब्राझीलने ४-० ने धुतलं, अमेरिकेची ५१ सामन्यांची अपराजित मालिका तिथे तुटली. मग फायनलला जर्मनी, आणि मार्ताची पेनल्टी त्यांची गोलकीपर नादिन आंगररने अडवली. २-० हार.

आता यातल्या अमेरिकेकडे बघा. तिथे कायद्याने १९७२ पासून शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळाला मुलांइतकीच संधी द्यावी लागत होती. पोरी कॉलेजातून तयार होऊन यायच्या. ब्राझीलमध्ये? मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१३ साली. २०१३! फोर्मिगा तेव्हा ३५ वर्षांची होती. तोवर आज क्लब आहे, उद्या नाही. सांतोससारख्या नावाजलेल्या क्लबने २०१२ ला पैसे नाहीत म्हणून मुलींचा संघच बंद करून टाकला. ती २००९ ला अमेरिकेत नव्या लीगमध्ये खेळायला गेली, तर २०१२ पर्यंत ती लीगही गुंडाळली गेली. एवढं असून अमेरिकेला दोनदा जादा वेळेपर्यंत ओढलं. ही हार मला तरी वेगळी वाटते.

आणि अजून एक. २००८ ला अमेरिकेची प्रशिक्षक होती पिया सुंदहागे. २०१६ ला रिओत, माराकान्या स्टेडियमवर, उपांत्य सामन्यात ब्राझीलला पेनल्टीवर बाहेर काढणाऱ्या स्वीडनची प्रशिक्षक कोण? तीच. आणि मानाउसला आपल्याविरुद्ध ब्राझीलच्या बाकावर कोण होतं? तीच पिया. जिने दोन वेळा सोन्याची वाट अडवली तिनेच शेवटी मैदानात सोडलं. असं एखाद्या कथेत लिहिलं तर आपण म्हणू, फारच जुळवून आणलंय.

बिनभाड्याचं घर | शनिवार, दुपारी ३.२०

स्पष्टवक्ते, ० - १. 🙂

मालमोवाली | शनिवार, रात्री ८.३७

धागा उशिरा दिसला. मी स्वीडनमध्ये मालमोला राहते, आणि २००४-०५ मध्ये फोर्मिगा आमच्याच गावात खेळत होती! अर्थात मी तेव्हा नाशकात बारावीला होते, त्यामुळे माझा काही संबंध नाही, पण गावाचा अभिमान म्हणून सांगते. तो संघ पुढे नाव बदलत बदलत रोझेनगार्ड झाला आणि मग तिथे मार्ताही येऊन खेळली.

इथे थंडीत खेळणं काय असतं ते बाहेरून बघूनच कळतं. साल्वादोरची मुलगी, जिथे बाराही महिने घाम, ती इथे मार्चमध्ये गोठलेल्या मैदानावर धावत असेल याचं मला कायम नवल वाटतं. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याच्या गटात मुलं-मुली एकत्र खेळतात आणि कुणालाच त्यात काही वाटत नाही. मी पहिल्या दिवशी फोटो काढून आईला पाठवला तर आईचा प्रश्न, ‘त्या मुलींना लागत नाही का गं?’

लागतं की. सगळ्यांनाच लागतं.

दर्दी | रविवार, सकाळी ८.५५

एक पुरवणी. बाहिया राज्याने फोर्मिगाच्या आधी सिसी दिली. तीही मिडफिल्डर, डाव्या पायाची, डोक्याचा चकोट करून खेळणारी. लहानपणी बाहुल्यांची मुंडकी उपटून त्यांचा बॉल करायची, असं तिच्याबद्दल सांगतात. १९९९ च्या विश्वचषकात सात गोल, चीनच्या सुन वेनबरोबर संयुक्त पहिली. नायजेरियाविरुद्ध जादा वेळेत तिने फ्री किकवर सोनेरी गोल (म्हणजे झाला की सामना तिथेच संपला) मारून ब्राझीलला उपांत्य फेरीत नेलं होतं. ब्राझीलला त्या वर्षी तिसरा क्रमांक. फोर्मिगा त्याच संघात, २१ वर्षांची. सिसी कलाकुसर करायची आणि ही तिच्या मागे राखण.

सिसीच्या पिढीला तर पुरुष संघाचे उरलेले कपडे घालून खेळावं लागलं होतं. शर्ट गुडघ्यापर्यंत.

बाकी निळी छत्रीताईंचा ‘ठपका’ मला अर्धाच पटतो. चाळिशीत बोलावलं हे संघटनेचं अपयश, ठीक. पण बोलावल्यावर ती गेली, आणि जागा अडवायला नाही, खेळायला गेली. पॅरिस सेंट जर्मेनने तिला घेतलं २०१७ मध्ये, ३८ व्या वर्षी. त्यांना काही दयामाया नव्हती, पैसे मोजून घेतलं. त्याच मोसमात ते युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेले आणि लियोंकडून पेनल्टीवर हरले. मग २०२१ मध्ये त्यांनी फ्रेंच लीग जिंकली. लियों त्याआधी सलग १४ वर्षं जिंकत होती. ती साखळी तोडणाऱ्या संघात फोर्मिगा होती, ४३ व्या वर्षी. आणि ती साओ जोसे या ब्राझीलच्या क्लबकडून तीनदा कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा, जिंकलीय, २०१४ ला जपानमध्ये त्यांनी आर्सेनलला हरवून क्लबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही घेतली. तेव्हा ‘काही जिंकलं नाही’ हे म्हणणंही तपासून घ्यावं लागेल.

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी १०.३०

लियोंची १४ वर्षांची साखळी मला माहीत नव्हती. तो मुद्दा मान्य. ‘हजेरीपट’ मागे घेतो.

पण ठपक्याबद्दल अजून शंका आहे. लोक चाळिशीत खेळले की पुरुषांच्या बाबतीत आपण ‘वाइनसारखा मुरलाय’ म्हणतो. बाई खेळली की लगेच व्यवस्थेचं अपयश? हेही एक प्रकारे तिचं श्रेय काढून घेणं नाही का?

निळी छत्री | रविवार, दुपारी १२.१४

हा प्रश्न मला आवडला. रात्रभर नाही, पण भांडी होईपर्यंत विचार केला.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तिचं शरीर, तिची शिस्त, ती तिचीच. ठपका तिच्या खेळण्यावर नाही, तिच्या मागची रांग रिकामी असण्यावर आहे. आणि हे मी माझ्या मनचं बोलत नाही. २०१९ ला यजमान फ्रान्सने जादा वेळेत २-१ ने हरवून ब्राझीलला बाहेर काढलं, तेव्हा मार्ता डोळ्यांत पाणी आणून थेट कॅमेऱ्यात बघून काय म्हणाली आठवतंय? फोर्मिगा कायम असणार नाही, मार्ता असणार नाही, क्रिस्तियान असणार नाही, महिला फुटबॉल टिकायचा तर तो तुमच्यावर आहे, अशा अर्थाचं घरी बसलेल्या मुलींना उद्देशून. तीन नावांत पहिलं नाव फोर्मिगाचं घेतलं. रांग रिकामी आहे हे त्या मैदानातल्या बायकांना आपल्याआधी कळलेलं होतं.

बदल झालेत, नाही असं नाही. २०१९ पासून दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत पुरुषांचा संघ उतरवायचा तर क्लबला मुलींचा संघ ठेवणं भाग झालं. २०२० मध्ये ब्राझीलच्या संघटनेने दोन्ही राष्ट्रीय संघांना सारखा भत्ता जाहीर केला. २०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्येच आहे, दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदा. १९७९ पर्यंत जिथे बंदी होती तिथे.

पेठेतला बॅक | रविवार, दुपारी १.४०

आपल्याकडे बंदी नव्हती, पण बंदीची गरज कुणाला होती? ‘मुलीच्या जातीला’ एवढे दोन शब्द पुरत होते.

फातोर्डेकर | रविवार, दुपारी २.१८

बॅकसाहेब, तरी आपल्या मुलींनी काय केलं ते विसरू नका. १९७९-८० आणि १९८३ च्या आशियाई चषक स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. आमच्या गोव्याची योलांदा डिसोझा त्या काळातली. तेव्हा जपान, चीन नुकते सुरुवात करत होते. ते कुठे गेले, आपण कुठे राहिलो.

२०२२ ला १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा मी फातोर्ड्याला जपान-स्पेन बघायला गेलो होतो. स्टेडियम काही भरलं नव्हतं, पण माझ्यापुढे कुठल्यातरी शाळेच्या तीसेक मुली बसलेल्या. स्पेनचा दुसरा गोल झाला तशी त्यातली एक उठून उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत बसलीच नाही. मागच्या आजोबांनी तिला दोनदा बस म्हटलं. मग त्यांनीही नाद सोडला.

गणिताची बाई | रविवार, सायंकाळी ६.०५

योलांदाबाईंचं नाव काढलंत, बरं वाटलं.

जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती कोण? मिडफिल्डर. २०२२ ला आशियाई चषक मुंबई-पुण्यात होता, आपण यजमान, आणि इराणशी बरोबरी झाल्यावर संघात कोविड घुसला आणि सगळं तिथेच संपलं. त्यानंतर खेळून मिळवलेली पात्रता ही.

निळी छत्री | रविवार, रात्री ९.५०

घरचं सांगते.

लेक १४ वर्षांची. सहावीत असताना शाळेत फुटबॉलला नाव द्यायला गेली तर पीटीच्या सरांनी सांगितलं, ‘मुलींसाठी थ्रोबॉल ठेवलाय की.’ शाळेचं नाव घेत नाही, काही उपयोग नाही, पुढच्या गल्लीतल्या शाळेतही हेच सांगतात. मग आम्ही ताशी भाड्याच्या टर्फवर गेलो. सुरुवातीला सोळा मुली होत्या. आठवीत दहा. आता सहा, बाकी मुलगे. गळण्याची कारणं विचारू नका, तुम्हाला माहीत आहेत. क्लास, काळी पडतेस, घरी उशिरा येतेस, पाळी.

लेकीला सगळे म्हणतात पुढे खेळ, गोल मार, दिसशील. ती मध्येच खेळते. एकदा मी विचारलं, तुला फॉरवर्ड का नाही आवडत? म्हणाली, ‘पुढे उभं राहून वाट बघायला लागते.’

दर्दी, तुमच्या पुरवणीत एक मी घालते. २०१५, माँट्रियल, दक्षिण कोरियाविरुद्ध. फोर्मिगा ३७ वर्षांची. कोरियाच्या बचावपटूने आपल्या गोलकीपरकडे मागे पास दिला, जरा हळू. आणि ही मधे घुसली, बॉल घेतला आणि जाळ्यात. महिला विश्वचषकात गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू. वेगात ती कोरियन मुलगी केव्हाही पुढे असती. पण हिला धावावं लागलंच नाही फारसं.

स्पष्टवक्ता | रविवार, रात्री १०.२२

व्हिडिओ बघितला. दोनदा. ती पास देणारीच्या खांद्याकडे बघतेय की काय असं वाटलं मला. मार्ताचा चाहता होतो, आहे, राहीन. पण हे मी आजवर बघतच नव्हतो हे कबूल.

पेठेतला बॅक | रविवार, रात्री १०.४०

या मग एकदा कोल्हापुरात. मॅच दाखवतो, वर तांबडा-पांढरा. बॉल बघायचा नाही ही अट.

बिनभाड्याचं घर | रविवार, रात्री १०.४४

तांबड्या-पांढऱ्यासाठी बॉलच काय, रेफरीही बघणार नाही.

निळी छत्री | सोमवार, सकाळी ६.५८

लेकीला काल रात्री सगळा धागा वाचून दाखवला. स्पष्टवक्तेकाका मधेच बदलले म्हणून ती जरा नाराज झाली, भांडण अजून चालायला हवं होतं म्हणे.

मग तो कोरियाचा गोल लावायला सांगितला. बघितला. परत लाव म्हणाली. परत बघितला. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोट ठेवून थांबवला, बॉल अजून कोरियन मुलीच्या पायाशी असताना.

‘आई, हे बघ,’ म्हणाली. ‘ही आत्ताच निघालीय.’

डबा भरायचा राहिलाय. पळते.